जॉर्जियन स्ट्रायकरची कारकीर्द कागदावर कशी उतरवावी: शोता आर्वेलाद्झेच्या उदाहरणावरून

फुटबॉलपटूवर मराठीत लेख लिहायचा म्हटलं की बहुतेक जण इंग्रजी पानावरची आकड्यांची चौकट उतरवून घेतात आणि मग त्याभोवती चार परिच्छेद रचतात. इंग्लंड किंवा ब्राझीलच्या खेळाडूबाबत हे खपून जातं. जॉर्जियाच्या निवृत्त स्ट्रायकरच्या बाबतीत मात्र पहिल्या तीन ओळींतच घोळ होतो, आणि तो ठरलेल्या जागीच होतो.

शोता आर्वेलाद्झेचंच घ्या. जन्म २२ फेब्रुवारी १९७३, त्बिलिसी. तो सतरा वर्षांचा असताना जॉर्जियाने सोव्हिएत लीग सोडून स्वतःची लीग काढली. शहरातल्या सगळ्यात मोठ्या क्लबचं नाव बदललं, दोन वर्षांनी पुन्हा जुनं झालं. हंगाम कोणत्या महिन्यात सुरू होतो तेही बदललं. पुढे तो तुर्कस्तान, नेदरलँड्स, स्कॉटलंड, पुन्हा नेदरलँड्स आणि शेवटी स्पेन अशा मुलखांत खेळला. प्रत्येक ठिकाणी त्याच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. वर आर्चिल हा त्याचा जुळा भाऊही फुटबॉलपटू, आणि काही वर्षं दोघे एकाच क्लबात.

आधी तक्ता, मग वाक्यं

लेखाची फाइल उघडायच्या आधी एक साधी स्प्रेडशीट उघडा. रकाने असे ठेवा: हंगाम, क्लबचं त्या वेळचं नाव, देश, स्पर्धा, सुरुवातीपासून खेळलेले सामने, बदली म्हणून खेळलेले सामने, गोल, त्यांतले पेनल्टीवरचे गोल, आकडा कुठून घेतला, कोणत्या दिवशी घेतला. शेवटचे दोन रकाने कंटाळवाणे वाटतात, पण महिन्याभराने दोन आकडे जुळेनासे झाले की तेच उपयोगी पडतात.

एक ओळ म्हणजे एक हंगाम, एक क्लब, एक स्पर्धा. लीग, देशांतर्गत चषक आणि युरोपीय स्पर्धा एका ओळीत कोंबू नका. ‘एकूण’ हा रकाना मुद्दामच ठेवू नका, तो नंतर बेरजेतून येऊ द्या. बाहेरून तयार ‘एकूण’ उचलला की त्यात नेमकं काय मोजलंय ते कळायला मार्ग उरत नाही. मासिकांत ‘अमुक क्लबसाठी इतके गोल’ असं छापलेलं असतं, त्यात कधी फक्त लीग असते, तर कधी मैत्रीपूर्ण सामनेसुद्धा असतात.

खेळाडूने हंगामाच्या मध्येच क्लब बदलला असेल तर त्या हंगामाच्या दोन ओळी होतात. आर्वेलाद्झे सप्टेंबर २००१ मध्ये आयॅक्समधून ग्लासगोच्या रेंजर्समध्ये गेला, म्हणजे तोवर नेदरलँड्समध्ये हंगाम सुरू झालेला होता. आयॅक्सची ओळ शून्यावर आली तरी ती ओळ ठेवा आणि शून्य तपासूनच लिहा. रिकामी जागा आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नाव: इथे मराठीचा फायदा आहे, तो घ्या

जॉर्जियन लिपीत ३३ अक्षरं आहेत. रोजच्या लिखाणात मोठी-लहान असा भेद नाही, आणि जसं लिहितात तसंच वाचतात. या भाषेत ‘त’सारखे दोन आवाज आहेत: एक आपल्या ‘थ’सारखा, श्वास सोडून म्हटलेला, दुसरा घशात श्वास अडवून झटक्याने काढलेला. रोमन लिपीच्या अधिकृत पद्धतीत दुसऱ्याच्या पुढे वरती एक टिंबासारखी खूण येते, पण वर्तमानपत्रं ती गाळून टाकतात. त्यामुळे रोमन अक्षरांवरून मूळ आवाज कळत नाही, जॉर्जियन स्पेलिंगच पाहावं लागतं. ‘शोता’मधला आवाज पहिल्या प्रकारचा, म्हणजे कानाला ‘शोथा’च्या जवळ जाणारा. मराठीत ‘शोता’ लिहिणं सोपं, तेच ठेवा. मात्र एकदा ठरवलं की लेखभर तेच.

आडनावाचा शेवट जास्त अवघड. तिथला आवाज आपण ‘जाणे’ आणि ‘जुना’मध्ये काढतो तोच आहे. हिंदीला हा आवाज जमवायला नुक्ता लागतो आणि तरी तो नेमका येत नाही, मराठी माणसाच्या तोंडी तो आपसूक आहे. अडचण अशी की पुढे ‘ए’ आला की आपण ‘जेवण’मधला ‘ज’ म्हणतो, म्हणून ‘आर्वेलाजे’ लिहिलं की वाचक चुकीचं वाचणार. ‘द्झे’ लिहिलं की जीभ बरोबर जागी जाते: आर्वेलाद्झे, कालाद्झे, मिकाउताद्झे. हाच नियम ‘त्स’ला. तो आवाज आपल्या ‘चाक’ आणि ‘चोर’मध्ये आहे, पण तेमूर केत्सबायाला ‘केचबाया’ लिहिलं तर कुणीच नीट वाचणार नाही.

आडनावांच्या शेवटांना अर्थ आहे. ‘द्झे’ म्हणजे मुलगा, ‘श्विली’ म्हणजे अपत्य. पहिला प्रकार मुख्यतः पश्चिम जॉर्जियात, दुसरा पूर्वेत. लेखात हे सांगायची गरज नाही, पण माहीत असलं की रोमन लिपीतली छपाईची चूक लगेच दिसते.

विभक्ती लावताना नाव मोडू नका. शोताने, शोताचा, आर्वेलाद्झेला. ‘शोत्याने’ लिहिलं की माणूस गल्लीतला होतो.

आता शोधासाठी किमान चार स्पेलिंगं हाताशी ठेवा. तुर्की वर्तमानपत्रांत पहिलं अक्षर शेपटीवालं ‘एस’ असतं, आणि तिथे बऱ्याचदा आडनाव न लावता नुसतं ‘शोता’ छापतात. जुन्या डच बातम्यांत ‘एस’पुढे ‘जे’ लावून लिहिलेलं सापडतं. रशियन सिरिलिकमध्ये एक रूप, जॉर्जियन लिपीत मूळ रूप. फक्त इंग्रजी स्पेलिंग टाकून शोधलंत तर हाती येतो मुख्यतः स्कॉटलंडचा काळ, कारण इंग्रजीत लिहिणारी वर्तमानपत्रं तिथली. अशा लेखांत रेंजर्सवर तीन परिच्छेद आणि त्राब्झोनस्पोर या तुर्की क्लबवर एक ओळ दिसते ती यामुळेच. प्रत्यक्षात तो नावारूपाला आला तो काळ्या समुद्राच्या काठावरच्या त्राब्झोनमध्ये.

१९९० ते १९९३: सगळ्यात जास्त चुका इथे

तक्त्याच्या पहिल्या तीन-चार ओळी भरायला बाकीच्या सगळ्या मिळून लागतो तितका वेळ लागला तर घाबरू नका, लागतोच.

पहिली गोष्ट, क्लबचं नाव. दिनामो त्बिलिसी हा सोव्हिएत काळातला मोठा क्लब, १९६४ आणि १९७८ चा सोव्हिएत विजेता. जॉर्जियाची लीग वेगळी झाल्यावर १९९० ते १९९२ या काळात तो ‘इबेरिया’ या नावाने खेळला. तक्त्यात त्या वर्षांसाठी इबेरिया लिहा आणि पुढे ‘आताचा दिनामो’ अशी नोंद करा. असं केलं नाही तर वाचकाला दोन वेगळे क्लब वाटतात, किंवा घाईत तुम्हीच बदलीची एक कहाणी रचून बसता.

दुसरी गोष्ट, हंगाम. सोव्हिएत पद्धतीत हंगाम वसंतात सुरू होऊन शरदात संपायचा, एकाच वर्षात. जॉर्जियाने १९९० चा हंगाम तसाच खेळला. मग पश्चिम युरोपसारखं शरद ते वसंत असं जायचं ठरलं, म्हणून १९९१ मध्ये एक छोटा हंगाम उरकला आणि लगेच १९९१-९२ सुरू झाला. म्हणजे ‘१९९१’ आणि ‘१९९१-९२’ हे दोन वेगळे हंगाम आहेत, दोन्हींचं जेतेपद वेगळं मोजलं जातं. एक जण हे एकच समजून एक ओळ उडवतो, दुसरा १९९१ चे गोल दोन्हीकडे लावतो.

या क्लबाने १९९० पासून १९९८-९९ पर्यंत सलग दहा लीग जेतेपदं जिंकली. वर्षं मोजली तर नऊच वाटतात, दहावं त्या छोट्या १९९१ मध्ये दडलंय. खेळाडूच्या खात्यात टाकताना त्याने ज्या हंगामात त्या संघाकडून लीगचा निदान एक सामना खेळला तेवढीच जेतेपदं टाका.

तिसरी गोष्ट, मैदानाबाहेर रद्द झालेलं. १९९३-९४ च्या चॅम्पियन्स लीगच्या प्राथमिक फेरीत दिनामोने उत्तर आयर्लंडच्या लिनफिल्डला दोन सामन्यांत मिळून ३-२ ने हरवलं होतं. मग पंचाला लाच द्यायचा प्रयत्न उघडकीला आला, दिनामोला बाद केलं आणि लिनफिल्ड पुढे गेला. असे सामने खेळाडूच्या युरोपीय आकड्यांत धरायचे की नाहीत, यावर स्रोतांचं एकमत नसतं. आमचं मत: सामना खेळला गेला असेल तर ओळ ठेवा, पण ‘निकाल नंतर फिरवला’ असा शेरा लिहा. गुपचूप गाळू नका. एखाद्या लेखात युरोपीय सामने दोनाने कमी निघाले तर कारण बहुधा हेच.

१९९३-९४ च्याच हंगामात आर्वेलाद्झे तुर्कस्तानला गेला. इथून कागदपत्रं सरळ होतात.

कमाल मर्यादा लावून आकडे चाळा

परदेशी लीगचे आकडे भरताना प्रत्येक हंगामात एका क्लबाला किती सामने असतात ते आधी लिहून ठेवा. तुर्की लीगमध्ये १९९३-९४ ला १६ क्लब होते, म्हणजे ३० सामने. १९९४-९५ पासून १८ क्लब, ३४ सामने. नेदरलँड्समध्ये १८ क्लब, ३४ सामने. स्कॉटलंडच्या प्रीमियर लीगमध्ये १२ क्लब, पण सामने ३८, कारण ३३ सामन्यांनंतर तक्ता वरचे सहा आणि खालचे सहा असा दुभंगतो आणि प्रत्येकाला आणखी पाच मिळतात. स्पेनमध्ये २० क्लब, ३८ सामने.

आता चाळणी लावा. आयॅक्सच्या एका हंगामात ‘लीग सामने ४०’ दिसले तर त्यात चषक आणि युरोप मिसळलेत. दोन स्रोतांत एक-दोन गोलांचा फरक असेल तर बहुतेक वेळा एखादा गोल एकाने स्वयंगोल धरलेला असतो, नाहीतर सुपर कपचा (लीगविजेता विरुद्ध चषकविजेता) सामना एकाने लीगसोबत मोजलेला असतो. पाच-दहांचा फरक असेल तर एकाने लीग, दुसऱ्याने सगळ्या स्पर्धा घेतल्यात. आणि अख्ख्या हंगामाएवढा फरक असेल तर एकतर १९९१ ची भानगड, नाहीतर भाऊ.

जुळ्या भावाची गाठ

शोता आणि आर्चिल दोघे त्राब्झोनस्पोरमध्ये १९९७ पर्यंत एकत्र होते आणि जॉर्जियाच्या राष्ट्रीय संघातही एकाच काळात. मोठा भाऊ रेवाझ, तोही फुटबॉलपटू. जुळ्यांचं मात्र जन्मतारीख, गाव, आडनाव, क्लब, सगळं सारखं. ज्या याद्यांत खेळाडू जन्मतारखेने ओळखतात तिथे हे दोघे अगदी सहज एकमेकांत मिसळतात.

उपाय सोपा आहे, फक्त चिकाटी हवी. जिथे गोल करणाऱ्याचं नुसतं आडनाव आहे ती ओळ तक्त्यात पिवळी करा. मग त्या सामन्याची पूर्ण अकरा जणांची यादी शोधा. एकच भाऊ मैदानात असेल तर प्रश्न मिटला. दोघे असतील तर त्या दिवसाचा तुर्की वृत्तान्त पाहा, तिथे पहिलं नाव छापण्याची सवय कामाला येते. दोघांची नावं तुर्कीत फारच वेगळी दिसतात, चूक होत नाही. एवढं करूनही पिवळी राहिलेली ओळ बेरजेत धरू नका.

आणखी एक: १९९७ नंतर दोघेही नेदरलँड्समध्येच गेले, शोता आयॅक्सकडे, आर्चिल ब्रेडाच्या एनएसीकडे. क्लब वेगळे झाले म्हणून निर्धास्त होऊ नका. ‘आर्वेलाद्झेचा आयॅक्सविरुद्ध गोल’ असं काही वाचलंत की तारीख पाहा.

कुठे थांबायचं, कुठे पळायचं

तक्ता भरला की मजकूर. प्रत्येक क्लबला सारखी जागा द्यायची नसते. आर्वेलाद्झेच्या बाबतीत तीन जागी थांबावं.

पहिली जागा १९९५-९६. त्राब्झोनस्पोरकडून लीगमध्ये २५ गोल, तुर्की लीगचा त्या हंगामातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. तुर्कीत अशा खेळाडूला ‘गोलांचा राजा’ म्हणतात, मराठीत ते शब्दशः चालतंही. पण २५ हा आकडा एकटा सोडू नका. त्याच हंगामात त्राब्झोनस्पोर जेतेपदाच्या अगदी तोंडाशी होता, शेवटच्या टप्प्यात घरच्या मैदानावर फेनरबाहचेकडून १-२ हरला आणि दुसरा आला. हे शेजारी ठेवलं की त्या २५ गोलांचा अर्थ बदलतो. तुर्की चषक मात्र आदल्या हंगामातला, १९९४-९५ चा. तो १९९५-९६ ला चिकटवायची चूक फार होते.

दुसरी जागा २५ मे २००३. रेंजर्स आणि सेल्टिक शेवटच्या दिवशी गुणांत बरोबरीत, फरक फक्त गोलांचा. रेंजर्सने डनफर्मलिनला ६-१ हरवलं, सेल्टिकने किल्मार्नकला ४-० हरवलं. दोघांचे ९७ गुण झाले. रेंजर्सचा गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) +७३, सेल्टिकचा +७२. त्या सहा गोलांत एक आर्वेलाद्झेचा. तक्त्यात तो ‘१’ एवढाच दिसतो. मजकुरात मात्र दोन वाक्यं त्यावर खर्च करा. पण हात आवरा: ‘त्याच्या गोलामुळे रेंजर्स जिंकले’ असं लिहू नका. सहातला कोणताही एक काढला तरी गोलफरक बरोबरीत यायचा, मग एकालाच श्रेय कसं द्यायचं? ‘एका गोलाच्या फरकाने मिळालेल्या जेतेपदाच्या दिवशी सहापैकी एक गोल त्याचा’, बास.

तिसरी जागा एझेड, नेदरलँड्समधला त्याचा दुसरा क्लब. २००५ ते २००७, प्रशिक्षक लुई व्हान हाल. हातात चषक नाही, म्हणून लेखक हा काळ एका ओळीत उडवतात. पण २००६-०७ च्या शेवटच्या दिवशी एझेड, पीएसव्ही आणि आयॅक्स तिघे समान गुणांवर होते आणि गोलफरकाने एझेड वर. एझेड एक्सेल्सिअरकडून २-३ हरला, आणि पीएसव्हीने आयॅक्सपेक्षा एका गोलाच्या फरकाने लीग नेली. चार वर्षांत दोन देशांत एका गोलावर ठरलेले दोन हंगाम, एकात हा जिंकणाऱ्यांत, दुसऱ्यात हरणाऱ्यांत. अशी जुळणी मुद्दाम शोधून सापडत नाही, तक्ता नीट भरला की आपोआप डोळ्यांसमोर येते.

शेवटचा क्लब लेवांते, २००७-०८. क्लब आर्थिक अडचणीत आणि तळाला राहून खालच्या श्रेणीत गेला. दोन ओळी पुरेत. २००८ मध्ये निवृत्ती.

जेतेपदांची यादी

स्कॉटलंडमध्ये दोन देशांतर्गत चषक असतात, स्कॉटिश चषक आणि लीग चषक. मराठीत दोन्हींना ‘स्कॉटिश कप’ म्हणून टाकतात आणि मग सात जेतेपदांची पाच होतात. रेंजर्सच्या त्याच्या काळातली यादी अशी बसते: लीग २००२-०३ आणि २००४-०५, स्कॉटिश चषक २००१-०२ आणि २००२-०३, लीग चषक २००१-०२, २००२-०३ आणि २००४-०५. २००२-०३ मध्ये तिन्ही एकदम. आयॅक्समध्ये लीग १९९७-९८, डच चषक १९९७-९८ आणि १९९८-९९.

यादीला आणखी एक खूण जोडा: अंतिम सामन्यात तो खेळला का? सुरुवातीपासून, बदली म्हणून, बाकावर, की संघातच नाही. जेतेपद क्लबचं असतं, ते खेळाडूच्या नावावर टाकणं रीतसर आहे, पण ‘अंतिम सामना जिंकून दिला’ हे वाक्य त्या खुणेशिवाय लिहायचं नाही.

देशासाठी ६१ सामने, २६ गोल

जॉर्जिया १९९२ मध्ये फिफा आणि युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेचा सदस्य झाला. आर्वेलाद्झेची आंतरराष्ट्रीय कारकीर्दही १९९२ पासून २००७ पर्यंत. ६१ सामन्यांत २६ गोल, म्हणजे सामन्यामागे ०.४३. एवढ्या छोट्या, दर पात्रता फेरीत तगड्या गटात पडणाऱ्या देशासाठी हा आकडा चांगलाच आहे. युरो १९९६ च्या पात्रता गटात समोर जर्मनी आणि बल्गेरिया होते, १९९८ च्या विश्वचषकासाठी इटली आणि इंग्लंड.

‘जॉर्जियाचा आजवरचा सर्वाधिक गोल करणारा’ असं लिहिण्याआधी तारीख घाला. युरो २०२४ संपली तेव्हा विक्रम त्याच्याच नावावर होता. मिकाउताद्झे आणि क्वारात्स्खेलिया हे नंतरच्या पिढीतले आघाडीपटू अजून खेळतायत, आणि लेख एकदा प्रसिद्ध झाला की तुम्ही दर सामन्यानंतर तो उघडणार नाही. ‘जुलै २०२४ पर्यंत’ हे दोन शब्द लेखाला म्हातारं होऊ देत नाहीत.

एक सामना जवळून दाखवायचा तर १६ नोव्हेंबर १९९४, त्बिलिसी, वेल्सविरुद्ध ५-०. केत्सबायाचे दोन, किन्क्लाद्झे, गोग्रिचियानी आणि आर्वेलाद्झे यांचा प्रत्येकी एक. पात्रता सामने खेळण्याची जॉर्जियाची ती पहिलीच फेरी. त्या गटात जॉर्जिया तिसरा आला, वेल्सच्या बराच वर.

वाक्यं कशी घालावीत

वाईट परिच्छेद साधारण असा असतो: ‘आर्वेलाद्झेने त्राब्झोनस्पोरसोबत आपला ठसा उमटवला आणि नंतर आयॅक्समध्ये एक मोठी झेप घेतली, जिथे त्याने अनेक गोल केले.’ यात एकही तपासता येण्यासारखी गोष्ट नाही, आणि ‘जिथे’ मराठी कानाला खटकतो.

त्याऐवजी:

‘१९९५-९६ मध्ये त्राब्झोनस्पोरकडून त्याने लीगमध्ये २५ गोल केले. लीगमध्ये त्या वर्षी कुणाचेच इतके नव्हते. क्लब मात्र दुसरा आला. आणखी एक हंगाम तिथे काढून १९९७ मध्ये तो आयॅक्सकडे गेला, आणि पहिल्याच वर्षी लीग आणि चषक दोन्ही जिंकले.’

शब्दांबाबत हट्ट नको. स्ट्रायकर, पेनल्टी, हॅटट्रिक, लीग हे मराठीच झालेत. ‘आघाडीपटू’ अधूनमधून चालतो, पण विंगर आणि स्ट्रायकर दोघेही आघाडीपटूच, त्यामुळे नेमकी जागा सांगायची तिथे स्ट्रायकर. ‘टोपी’ हे ‘कॅप’चं भाषांतर कृपया करू नका, ‘आंतरराष्ट्रीय सामना’ म्हणा. ‘सामन्यांत दिसला’ हेही नको, खेळाडू खेळतो. ‘राष्ट्रीय संघाकडून’ आणि ‘राष्ट्रीय संघात’ यांत फरक आहे: संघात निवड झाली आणि बाकावर बसला, तर तो संघाकडून खेळला असं होत नाही.

निवृत्तीनंतरचं

प्रशिक्षकाचा काळ वेगळ्या तक्त्यात. कायसेरीस्पोर २०१० ते २०१२, कासिम्पाशा २०१२ ते २०१५, मग त्राब्झोनस्पोर, मॅकाबी तेल अवीव, ताश्कंदचा पख्ताकोर, आणि २०२२ मध्ये जानेवारी ते सप्टेंबर इंग्लंडचा हल सिटी. पख्ताकोरसोबत २०१९ आणि २०२० ची उझबेक लीग. इथे पुन्हा लक्षात ठेवा, उझबेकिस्तानात हंगाम एकाच वर्षाचा असतो. ‘२०१९-२०’ असं लिहिलंत तर दोन जेतेपदांचं एक होतं.

हीच पद्धत दुसऱ्या खेळाडूला लावताना

रामाझ शेंगेलियासारखा आधीच्या पिढीतला स्ट्रायकर असेल तर देशाचा रकानाच बदलतो. तो कुतायसीच्या तोर्पेदोमधून दिनामो त्बिलिसीत आला, १९७८ आणि १९८१ ला सोव्हिएत संघाचा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला, आणि १९८२ च्या विश्वचषकात स्कॉटलंडविरुद्ध गोल केला. हे सगळं सोव्हिएत संघाच्या खात्यात जातं. ‘जॉर्जियासाठी विश्वचषकात गोल’ असं एका शब्दाने घसरलात तर लेख गेला. १३ मे १९८१ रोजी ड्यूसेलडॉर्फमध्ये दिनामोने कार्ल झाइस येनाला २-१ हरवून कप विनर्स कप (देशोदेशीच्या चषकविजेत्यांची युरोपीय स्पर्धा) जिंकला, तिथे गोल गुत्साएव आणि दारासेलिया यांचे. शेंगेलिया त्या संघातला स्ट्रायकर म्हणून अंतिम सामन्यातले गोलही त्याच्या नावावर ढकलू नका.

मिखाइल कावेलाश्विलीचं उलट आहे. २९ डिसेंबर २०२४ ला तो जॉर्जियाचा राष्ट्राध्यक्ष झाला, ती निवडणूक वादग्रस्त ठरली, आणि त्यानंतर आलेल्या बातम्यांनी त्याचा फुटबॉल ‘माजी मँचेस्टर सिटी खेळाडू’ एवढ्यावर आणून ठेवला. तक्ता वेगळं सांगतो. सिटीकडून लीगचे फक्त २८ सामने आणि ३ गोल, त्यांतला एक ६ एप्रिल १९९६ ला पदार्पणातच मँचेस्टर युनायटेडविरुद्ध. त्याआधी व्लादिकावकाझच्या क्लबाने १९९५ ची रशियन लीग जिंकली तेव्हा तो त्या संघात होता, आणि सिटीनंतरची बरीच वर्षं स्वित्झर्लंडमध्ये एकामागून एका क्लबात गेली. तिथली ओळन् ओळ भरा. एकाच हंगामात दोन क्लब असे प्रसंग तिथे येतील, त्यासाठीच दोन ओळींची सवय आधीपासून हवी. राजकारणाला वेगळा विभाग द्या आणि तो आकड्यांच्या खाली ठेवा.

शेवटी छापण्याआधी एक बेरीज हाताने करा: लीगच्या ओळी, क्लबानुसार. मग तीच बेरीज हंगामानुसार. दोन उत्तरं वेगळी आली तर तक्त्यात १९९१ आणि १९९१-९२ पासून पुन्हा सुरुवात करा.